परतफेडीचा हक्क



दुसऱ्याला मदत केल्याने माणूस सुखी होतो का, या विषयावर मी बोलावं अशी संयोजकांची इच्छा आहे. या विषयावरच्या मराठी व्याख्यानात पसायदान येतं, साने गुरुजींची प्रार्थना येते, विंदांची देण्याघेण्याची कविता येते. तिन्ही तुम्हाला पाठ आहेत, म्हणून नुसता नामोल्लेख करून पुढे जातो. सुरुवात मला या दाराबाहेरच्या रस्त्यापासून करायची आहे.

मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा कोपर्निकस मार्ग. कमानी सभागृह, दूरदर्शनची इमारत, फरीदकोट हाउस आणि आपण बसलो आहोत ते जुनं महाराष्ट्र सदन, सगळं याच रस्त्यावर. खगोलशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘केंद्र बदला’ अशी कोटी करणं फार सोपं आहे, ती मी करत नाही.  पण या रस्त्याचं जुनं नाव वेगळं होतं. इंग्रजांच्या नव्या दिल्लीत हा लिटन रोड होता. आणि लिटन हे नाव ऐकलं की दख्खनच्या माणसाला १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आठवायला हवा.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हाइसरॉय लिटन यांनी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. त्याच दिवसांत सोलापूर, नगर, पुणे, सातारा भागातली माणसं गुरं विकून गाव सोडत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत हजर राहिले होते. त्या झगमगाटात ते कसे दिसले असतील याची कल्पना तुम्हीच करा.

सरकार स्वस्थ बसलं होतं असं मात्र नाही. दुष्काळी कामं काढली होती, खडी फोडा, तलाव खणा, मजुरी घ्या. वाद झाला तो मजुरीवरून. सर रिचर्ड टेंपल हा तेव्हाचा मोठा अधिकारी. त्यानेच तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाहून तांदूळ मागवून माणसं जगवली होती आणि त्याबद्दल शाबासकीऐवजी सरकारी पैसा उधळल्याची बोलणी खाल्ली होती. या वेळी तो शहाणा झाला होता. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा शेर, आणि वर एक आणा, एवढ्यावर त्याने मजुरी आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. देशभरात त्या दुष्काळात अर्ध्या कोटीहून जास्त माणसं मेली.

हा इतिहास मी उगाळतो आहे तो एका तर्कासाठी. फुकट मिळालं की माणूस आळशी होतो, लाचार होतो, सरकारच्या गळ्यात पडतो, असं राज्यकर्ते तेव्हा मनापासून मानत होते. सगळेच क्रूर होते असं नाही. मदत कमी केली तर लोकांचं भलंच होईल अशी त्यांची समजूत होती, आणि पोट भरलेल्या माणसाला ही समजूत फार लवकर पटते. इकडे त्याच १८७७ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी दुष्काळातल्या पोरांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालवत होते. त्याचं नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. सम्राज्ञीच्या नावाने दिल्लीत दरबार भरला आणि त्याच नावाने धनकवडीला पंगत बसली. या योगायोगावर जोतिबांनी काही टिप्पणी केली असती तर ती बोचरीच असती.

आता गंमत अशी, की दानाने माणूस नासतो हे वाक्य पुढे आपल्याच एका माणसाने आयुष्यभर उच्चारलं. बाबा आमटे यांनी. वरोऱ्याच्या माळावर, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभं राहून. लिटनचं सरकार आणि बाबा आमटे एकच गोष्ट बोलत होते असं वरवर वाटेल. मला आज जे म्हणायचं आहे ते या दोघांमधल्या अंतरात आहे.

बाबांची सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे, तरी तिचा एक तपशील आपण घाईत ओलांडतो. हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यातले वकील, वरोऱ्याच्या नगरपालिकेत पदाधिकारी, आणि भंगी-मुक्तीच्या ध्यासाने डोक्यावरून मैला वाहणारे. एका पावसाळी दिवशी गटाराकडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. बोटं झडलेली, अंगात किडे पडलेले. मैला वाहायला न कचरलेला हा माणूस तिथून पळाला. मग परत आला, पण ती भीती महिनोन्‌महिने त्यांच्या मानेवर बसून राहिली. पुढे त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं की कुष्ठरोगाचं काम मी कुणाला मदत करायला घेतलं नाही, माझी भीती घालवायला घेतलं. इतरांचं भलं झालं ते ओघाने.

असं कबूल करायला धैर्य लागतं. आपण मदत करतो तेव्हा स्वतःचं काहीतरी दुखणं हलकं करत असतो, हे आपल्याला मान्य करवत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाने एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे दिले. मनुष्य मुळात स्वार्थी आहे असं सांगणारा हा गृहस्थ. सोबतच्या पाद्र्याने टोकलं, धर्माची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते, त्याची दशा बघून मला त्रास होत होता, त्याला दिल्याने माझाही त्रास कमी झाला. हे ऐकून पुष्कळांना वाटतं की बघा, शेवटी स्वार्थच. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याची दशा बघून ज्याला त्रास होतो त्याच्या स्वार्थाची मला भीती वाटत नाही. ज्याला त्रासच होत नाही त्याच्या निःस्वार्थीपणाची वाटते.

हल्ली या आनंदाचं मोजमापही होतं. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा ऍक्निन आणि मायकेल नॉर्टन यांचा एक प्रयोग छापून आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सकाळी ४६ जणांच्या हातात पाकिटं दिली, कुणात पाच डॉलर, कुणात वीस. अर्ध्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा. अर्ध्यांना सांगितलं, दुसऱ्यासाठी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त खुश निघाले, आणि पाच की वीस याने काही फरक पडला नाही. वेगळ्या विद्यार्थ्यांना आधी अंदाज विचारला होता, तर त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं, वीस डॉलर आणि तेही स्वतःवर. आपल्या सुखाबद्दल आपला अंदाज किती चुकतो हे दाखवायला हा प्रयोग फार उपयोगी आहे. पण मला त्यात एक उणीव दिसते. ज्याला ती भेट मिळाली त्याला कुणी काही विचारलं नाही.

नेट्टा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी २०१० साली ही उणीव थोडी भरून काढली. स्वतःच्या मर्जीने मदत करणाऱ्याला बरं वाटतं; करावी लागते, लोक काय म्हणतील, म्हणून करणाऱ्याला ते सुख मिळत नाही, असं त्यांना आढळलं. त्यांनी मदत घेणाऱ्याकडेही पाहिलं, तर मर्जीने दिलेली मदत घेणाऱ्यालाही जास्त मानवत होती. म्हणजे घेणाऱ्याला कळतं. नुसतं काय दिलं हे नव्हे, कसं दिलं हेही.

हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं असतं. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. गावाकडून शिकायला आलेल्या गरीब मुलाला शहरातली सात घरं ठरवून दिली जात. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे. दुसरा प्रकार माधुकरीचा, झोळी घेऊन दारोदार. या प्रथेने महाराष्ट्राची एक-दोन पिढ्यांची हुशारी जगवली यात शंका नाही. यजमानांना त्यात खरंखुरं समाधान होतं, पुण्याचा हिशेब होता, पोर शिकलं तर कौतुकही होतं. पण ती पोरं म्हातारी झाल्यावर काय बोलत ते मी घरात ऐकलेलं आहे. कुठल्या घरी पान वाढून ठेवलेलं असे आणि कुठल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहावं लागे. कुठली बाई दुसऱ्यांदा भात हवा का विचारी आणि कुठे तो शब्द यायच्या आत भांडं झाकलं जाई. पन्नास वर्षांनीही त्यांना वार आठवत. देणाऱ्यांच्या कुटुंबात ती गोष्ट केव्हाच विसरली गेली होती.

याच सुमारास साताऱ्याला भाऊराव पाटील यांनी वेगळा रस्ता काढला. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. मुलं स्वयंपाक करत, शेतावर काम करत, भिंती बांधत. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, या मुलांच्या पोटासाठी गेले. म्हणजे मदत कमी नव्हती. वारावरच्या जेवणापेक्षा कितीतरी जास्त होती. पण त्या मुलाच्या हातात फावडं होतं, त्याने बांधलेल्या भिंतीच्या आत दुसरा मुलगा झोपत होता. तो नुसता घेणारा राहिला नाही.

आनंदवनाकडे परत येऊ. १९४९ साली बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापली, कलकत्त्याला स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. सल्फोन औषधांमुळे हा रोग तेव्हा बरा होऊ लागला होता, पण बऱ्या झालेल्या माणसाला घरी घेणारं कुणी नव्हतं. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ रानात काम सुरू झालं. बाबा, साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. साप-विंचवांच्या त्या जागेला त्यांनी नाव दिलं आनंदवन. मला हे नाव नेहमी धाडसाचं वाटत आलं आहे. सेवाश्रम म्हणता आलं असतं, करुणा हा शब्द कुठेतरी घालता आला असता. तसं केलं असतं तर पाटी वाचतानाच कळलं असतं की इथे कोण देतं आणि कोण घेतं.

झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला बाजारातले लोक ती भाजी घ्यायला बिचकत. हळूहळू घेऊ लागले. मग १९६४ साली जे झालं ते माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेचा गाभा आहे. आनंदवनात आनंदनिकेतन महाविद्यालय उभं राहिलं. वसाहतीतल्या रहिवाशांनी ते आपल्या हातांनी बांधलं, आणि कुणासाठी, तर वरोऱ्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या धडधाकट मुलांसाठी. ज्या समाजाने त्यांना वेशीबाहेर काढलं होतं त्याच समाजासाठी. पुढे अंधांसाठी शाळा आली, अपंगांसाठी संधिनिकेतन आलं. लिटनच्या सरकारने फुकट नको म्हणून अर्धा शेर धान्यावर खडी फोडायला लावली, आणि बाबांनीही फुकट नको म्हणून कुदळ हातात दिली. पण दुष्काळी कामावरच्या माणसाला आपण फोडलेल्या खडीचं पुढे काय होतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याची परीक्षा घेण्यासाठी ते काम होतं. आनंदवनातल्या माणसाला परतफेडीची संधी मिळाली, आणि तीही पैशाने नव्हे, मानाने. तिथल्या लोकांचं गाणं-बजावणं, लग्नं, बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ‘आनंद’ हा शब्द तिथे कोणत्या बाजूने आला हे सांगावं लागणार नाही. तो दोन्ही बाजूंनी आला.

आता दिल्लीचं बोलतो. या सदनात दोन तऱ्हेचे लोक अडचण घेऊन येतात. एक, संघ लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला आलेली मुलं. शाहजहान रोडवरचं धोलपूर हाउस इथून जवळ आहे. दिल्लीतले मराठी अधिकारी वेळात वेळ काढून त्यांच्या अभिरूप मुलाखती घेतात. सुटीचा दिवस, घरच्यांची कुरकुर, तरी येतात, आणि दमून परत जाताना खुशीत असतात. ही मदत जमते याचं कारण उघड आहे. टेबलापलीकडचा साहेब काही वर्षांपूर्वी अलीकडच्या खुर्चीत होता आणि समोरचा मुलगा उद्या पलीकडे बसणार आहे, हे दोघांनाही माहीत असतं. कुणी कायमचा खाली नाही.

दुसरे येतात ते ‘एम्स’ला आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. इथे गोष्ट अवघड होते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडून दोन रात्रींचा प्रवास करून आलेलं कुटुंब, हिंदी तुटकं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्सरे आणि जुने कागद. त्यांच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभं राहणं, कुठला कागद कुठल्या खिडकीवर हे सांगणं, धर्मशाळेत जागा बघणं, एवढंच आमच्यासारख्यांचं काम. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि, खरं सांगायचं तर, त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गोड लागतं. वाइनस्टाइनबाईंनी मला तपासलं असतं तर मी त्यांच्या तक्त्यात नीट बसलो असतो.

पण यवतमाळकडच्या एका बाईंनी मला वेगळं शिकवलं. नवऱ्याच्या उपचारासाठी त्या येत. दुसऱ्या खेपेला त्यांनी ज्वारीचं पीठ आणि जवसाची चटणी आणली. मी सवयीने म्हटलं, “ताई, हे कशाला? तुम्हालाच लागेल.” त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही घेणार नसाल तर मी तुमच्यासंगं रांगेत येत नाही.” मी घेतलं. त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं बदललं, आवाज मोकळा झाला, डॉक्टरांनी काय विचारलं ते मला समजावून सांगू लागल्या. मला ‘नको’ म्हणताना औदार्य वाटत होतं. त्यांना त्या ‘नको’मधून काय ऐकू येत होतं ते मला तोवर कळलं नव्हतं.

या विषयाची एक काळी बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. दुसऱ्यांना आधार देणारे जास्त जगले, नुसता आधार मिळाल्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मदतीचे गोडवे गाणारे हा अभ्यास हमखास सांगतात. पण त्याआधी चार वर्षे, १९९९ साली, रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांबद्दल लिहिलं होतं. त्या कामाचा ताण ज्यांना जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, जोडीदाराच्या शुश्रूषेची वेळच न आलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी जास्त होतं. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. एकीकडे शेजाऱ्याला दवाखान्यात सोडून आपण घरी परत येतो. दुसरीकडे परत यायला घरच उरत नाही, घरच दवाखाना झालेलं असतं. अशा सुनेला, अशा बायकोला ‘सेवेत आनंद असतो’ हे सांगायला मी तरी जाणार नाही. तिला आनंदापेक्षा चार तासांची झोप हवी आहे, आणि तिच्या जागी चार तास बसणारं कुणीतरी.

सावित्रीबाईंचं उदाहरण तर या हिशेबात बसतच नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या दिवशी त्या सुखी होत्या का, हा प्रश्न विचारायचीही लाज वाटते. मदत सुखासाठी करायची असते असं ज्यांना वाटतं त्यांना या घटनेबद्दल बोलताच येणार नाही. हॉब्जसारखं फार तर एवढं म्हणता येईल की त्या पोराला तिथे टाकून परत फिरणं त्यांना जमलं नसतं.

आता कामाचं. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काही करावं असा विचार इथे बरेच दिवस चालू आहे. निधी, स्वयंसेवकांची यादी, फोन नंबर, सगळं हवंच. माझी एक सूचना आहे. जे कुटुंब तिसऱ्यांदा ‘एम्स’ला येतं त्याला नव्याने आलेल्या कुटुंबाबरोबर पाठवा. कुठली लिफ्ट बंद असते, कुठल्या खिडकीवरचा माणूस मराठी ऐकून हसतो पण काम करतो, कुठे स्वस्त जेवण मिळतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. या सूचनेवर एका मित्राने शंका काढली, की आधीच हवालदिल असलेल्या माणसांवर आणखी ओझं कशाला? शंका रास्त आहे, आणि ज्यांना नको असेल त्यांना मुळीच विचारू नये. पण त्या यवतमाळच्या बाईंना मी विचारलं होतं. नवऱ्याची तपासणी संपवून त्या मराठवाड्यातल्या एका तरुण जोडप्याबरोबर रक्ताच्या चाचणीच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या पोराला मांडीवर घेऊन. मी तिथे थांबलो तर म्हणाल्या, तुम्ही जा, इथलं मला समजतं. मी गेलो.